जनरल डब्यातून पेंग्विनकडे

शिरूरला महामार्ग आहे, रेल्वे नाही. दौंडला चारी दिशांना रेल्वे आहे, पण पुणे-सोलापूर महामार्ग पाटस, कुरकुंभ करत बाहेरच्या बाहेर निघून जातो, दौंडात काही शिरत नाही. माझं माहेर शिरूर आणि सासर दौंड, त्यामुळे दळणवळणाच्या बाबतीत दोन्ही तालुक्यांत मिळून परिपूर्ण अशी मी एकटीच. उणीव राहिली ती एका गोष्टीची. दौंडात दर आळीला रेल्वेतली माणसं, आणि रेल्वेतल्या माणसाला पास असतो. अशा गावात रेल्वेत नसलेला मुलगा हुडकून काढायला माझ्या वडिलांना किती वणवण करावी लागली असेल, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आमचे हे कुरकुंभच्या एमआयडीसीत आहेत. तिथे पास मिळत नाही, दिवाळीला मिठाईचा बॉक्स मिळतो.

म्हणून आमच्या घरात प्रवास म्हटलं की आधी बॅग निघत नाही, वही निघते.

मुंबई महाग आहे म्हणतात. असेल. पण ती महाग कुणाला? जो तिथे जाऊन पाकीट काढतो त्याला. शिरूर-दौंडचा माणूस मुंबईत पाकीट काढतो ते फक्त आधार कार्ड दाखवायला. एसटीच्या सवलती आमच्याकडे पोरांनासुद्धा पाठ आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं, पोरं बारा वर्षांपर्यंत अर्धी. या सगळ्यातून आमच्या घरात पूर्ण तिकिटाचा माणूस एकच उरला, आमचे हे. कंडक्टर समोर आला की बाकीची सगळी ताठ बसतात आणि ह्यांचा आवाज बारीक होतो.

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, जन्मतारीख १ जून. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांनाच १ जून लावायचे, त्यातले आबा. पंच्याहत्तरी पूर्ण झाली त्या दिवशी आम्ही केक आणायचा म्हणत होतो, ते नको म्हणाले. २ जूनला सकाळच्या एसटीने बारामतीला गेले, स्टँडवर चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत आले. काय काम होतं विचारलं, तर म्हणाले, "काम कशाला लागतंय? सवलत सुरू हाय का बघून आलो." तेव्हापासून ते अधूनमधून बघून येत असतात.

रेल्वेचं मात्र तसं नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. त्यामुळे मुंबईला जायचं ठरलं तेव्हा घरात सरळ दोन पक्ष पडले. आबांचा कौल एसटीला. ह्यांचा रेल्वेला, कारण रात्रीच्या गाडीने गेलं तर लॉजची एक रात्र वाचते. लॉजवर आम्ही एरवीही राहिलो नसतो, पण जे पैसे आपण खर्चणारच नव्हतो तेही वाचलेल्यांत धरायचे, ही ह्यांची जुनी पद्धत आहे. शेवटी सासूबाईंना घाटात गाडी लागते या मुद्द्यावर रेल्वे जिंकली. शिरूरहून आई आणि दादा न्हावऱ्यावरून आदल्या संध्याकाळीच येऊन थांबले होते. आम्ही सहा आणि ती दोघं.

सोलापूरहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस मध्यरात्र उलटून गेल्यावर दौंडला येते. तिथून मुंबई २६८ किलोमीटर. जनरल डबा सोलापूर-कुर्डुवाडीपासूनच भरून आलेला असतो, आणि त्यातल्या बाकावर जो आडवा झालेला असतो त्याला उठवायचं कसं, हा दौंडकरापुढचा खरा प्रश्न. बाहेरगावचे लोक भांडतात. भांडणाने माणूस जागा होतो पण जागा देत नाही. आबांची रीत निराळी. ते "बसा हो, झोपा तुम्ही" असं म्हणत त्या माणसाच्या पायाशी चार बोटं टेकतात. पाटस येईपर्यंत पायाशी. केडगाव येईपर्यंत गुडघ्याशी. मध्येच खोकतात, आणि "म्हातारपण वाईट" असं कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणतात. यवतला तो माणूस उठून बसतो. उरुळी आली की आबा आडवे. पुण्याला डब्यात नवीन लोंढा शिरतो तेव्हा ते घोरत असतात आणि तो सोलापूरचा माणूस त्यांच्या बाजूने इतरांशी भांडत असतो: "म्हातारं माणूस हाय, झोपू द्या की!"

उतरलो कल्याणला, तिथून लोकलने डोंबिवली. डोंबिवलीला माझी नणंद. वन बीएचके, ती, तिचे मिस्टर आणि एक मुलगा. त्यात आम्ही आठ. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी तिची अवस्था झाली असणार, पण तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. कारण आम्ही रिकाम्या हाताने आलो नव्हतो. पाहुणा आणि भाडेकरू यांत फरक एवढाच की भाडेकरू पैसे देतो, पाहुणा ओझं देतो. आमच्याकडे दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळाची गुळाची ढेप होती, ज्वारीचं पीठ होतं, घरचं तूप होतं आणि दादाच्या शेतातलं कांद्याचं अर्धं पोतं होतं. कांद्याचा भाव त्या आठवड्यात चांगलाच चढलेला होता, म्हणून पहिल्या दिवशी आम्हाला श्रीखंड-पुरी मिळाली. भाव पडलेले असताना गेलो असतो तर पोहे मिळाले असते, आणि ते बरोबरच झालं असतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण ज्याला सुचली त्याचे नातेवाईक डोंबिवलीत असले पाहिजेत. त्या हॉलमध्ये पाय पसरायला आधी टीव्हीचं टेबल हलवावं लागतं. आबा मात्र पहिल्याच रात्री पायाशी चार बोटं टेकवून बसले आणि सकाळी दिवाणावर होते.

दादाबद्दल सांगायला हवं. परदेशी जाणारे लोक डॉलरचे रुपये करून हळहळतात, दादा रुपयांचे कांदे करतो. कुठलीही किंमत कानावर पडली की तो चाकणच्या त्या दिवसाच्या बाजारभावाने भागाकार करतो. मोबाइलवर भाव आलेला असतो. बेस्टचं तिकीट म्हणजे इतके कांदे, पाण्याची बाटली म्हणजे इतके, आणि गेटवेसमोर एका फोटोवाल्याने हातात ठेवलेला प्रिंट म्हणजे जवळजवळ अर्धी पिशवी. या पद्धतीची गंमत अशी की मुंबई रोज वेगळ्या भावाची असते. भाव पडले की मुंबई महागते. एका सकाळी लिलावात भाव शंभर-दीडशेने उतरले तर दादा दिवसभर घराबाहेर पडला नाही. म्हणाला, "आज परवडत नाय."

त्याने परवडणारी मुंबईही शोधून काढली. मरीन ड्राइव्ह फुकट. सीएसएमटीची इमारत बाहेरून फुकट, आतून आपण लोकलचं तिकीट काढलेलंच असतं. गेटवे १९२४ पासून सगळ्यांना फुकट आहे. शेजारचं ताज हॉटेल १९०३ चं, तेही बाहेरून फुकट. सासूबाईंनी ताजच्या खिडक्या मोजल्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "एवढ्या खिडक्या पुसायच्या म्हणजे!" आणि त्या हॉटेलाबद्दल त्यांना जो काही हेवा वाटत होता तो तिथेच संपला. गावदेवीचं मणिभवन फुकट, आणि तिथे पंखेही चांगले फिरत होते. गांधीजींच्या घरात आबांना फार प्रसन्न वाटलं. ते म्हणाले, हा माणूस थर्ड क्लासने हिंडायचा, ह्याला आपलं कळलं असतं.

पैसे देऊन बघायची पहिली जागा ठरली होती, भायखळ्याची राणीची बाग. पोरांना पेंग्विन बघायचे होते. तिथे माणशी पन्नास रुपये आणि आई-वडील नि दोन मुलं असा चौघांचा संच शंभरात, असा दर होता. चौकोनी कुटुंबाला मिळणारी एवढी मोठी सवलत बघून आम्ही भारावलो आणि खिडकीशीच उभं राहून आमची नवी मांडणी सुरू केली. आम्ही चौघं एका संचात बसलो. उरले आबा, सासूबाई, आई आणि दादा. ही चार माणसं काही केल्या चौकोनी कुटुंब होईनात. दादाने "मी ह्यांचा मुलगा" असं सुरुवात करून पाहिली, पण त्याच्या मिशीकडे बघून खिडकीतल्या माणसाने नुसती मान हलवली. मागे रांग वाढत होती. शेवटी त्यांची पूर्ण तिकिटं निघाली आणि दादाने कांद्याचा आकडा मनातल्या मनात ठेवला.

पेंग्विन २०१६ च्या जुलैत सेऊलहून विमानाने आले. हम्बोल्ट जातीचे. मूळचे चिली-पेरूच्या किनाऱ्याचे. २०१७ च्या मार्चपासून ते लोकांना बघायला मिळतात. त्यांच्या खोलीत सोळा ते अठरा अंश तापमान ठेवतात. बाहेर मे महिन्याचं भायखळा, घामाने पाठीला चिकटलेली साडी, आणि काचेपलीकडे हे बुटके पाहुणे पाण्यात सूर मारतायत. काचेजवळची हवा जरा बरी होती. सासूबाई पेंग्विनकडे पाठ करून, काचेला पाठ टेकून उभ्या राहिल्या. शिट्टी मारणाऱ्या रखवालदाराने "पुढे चला, पुढे चला" केलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "दौंडला बेचाळीस असतं बाबा." तो सोलापूरकडचा निघाला. त्याने शिट्टी दुसरीकडे वळवली. पन्नास रुपयांत मुंबईत इतका वेळ एसी दुसरीकडे मिळत असेल तर मला कळवा.

तिथून आम्ही बिबट्याच्या दालनाशी आलो. तिथे गर्दी होती. पोरं खांद्यावर, मोबाइल वर, "दिसला का, दिसला का" चाललेलं. बिबट्या एका लाकडी मचाणावर मागचे पाय लोंबकळत टाकून पडला होता. आईने गर्दीतून पुढे जाऊन बघितलं, पदर नीट केला, परत आली. "ह्येच्यासाठी पैसं मोजलं व्हय?" एवढंच. मग थोड्या वेळाने, जरा काळजीने, "लई सुस्तावलाय पण." तिच्या आवाजात, ओळखीच्या घरातला मुलगा शहरात जाऊन बसून बसून सुटला की येतो तो सूर होता.

राणीच्या बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं, आणि त्याच्या आवारात एक दगडी हत्ती. तो घारापुरीचा. त्याच्याचमुळे पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो पडून फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. ह्यांनी ही माहिती मोबाइलवरून वाचून दाखवली आणि आम्ही दुसऱ्या दिवशी बोटीने घारापुरीला जाणार होतो ते दादाने तिथल्या तिथे रद्द केलं. "हत्ती हितं हाय, मग तिकडं बोटीनं काय बघायला जायचं? नाव?" लेणी आहेत, त्रिमूर्ती आहे, असं मी म्हणून पाहिलं. पण तो हत्तीभोवती एक चक्कर मारून आला होता आणि त्याच्या हिशोबात एलिफंटा झालं होतं.

परतायच्या आदल्या दिवशी नणंदेच्या मिस्टरांनी आग्रह धरला. आमच्यासाठी काहीतरी खास करायचं होतं त्यांना. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि ऐरोलीहून वन विभागाच्या बोटी सुटतात. माणशी काहीशे रुपयांचं तिकीट त्यांनी आम्हाला न विचारता काढलं. विचारलं असतं तर आम्ही निघू दिलं नसतं. बोट खाडीत शिरली, भरती उतरत होती, कांदळवनापलीकडे चिखलावर हजारोंनी गुलाबी पक्षी. मिस्टरांनी आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं. आबा हळूच म्हणाले, "हे आपल्या उजनीचेच की."

मी त्यांना कोपर मारलं. कारण दौंडहून पुढच्या काही स्टेशनांवर भिगवण आहे. तालुका इंदापूर, पण दौंडकर ते घरचंच समजतो. १९८० च्या सुमाराला उजनीचं धरण झालं, भीमेचं पाणी पसरलं, आणि तेव्हापासून कुंभारगाव, डिकसळच्या दलदलीत हे रोहित पक्षी हिवाळ्यात मुक्कामाला असतात. आमच्या आबांनी ते म्हशी धुताना बघितलेत. पण दुसऱ्याच्या घरी उतरलं की आश्चर्य करणं हेही भाडंच असतं. मी "अगंबाई!" म्हटलं. सासूबाई "केवढे हो!" म्हणाल्या. दादानेही तोंड उघडं टाकलं, पण ते तिकिटाची किंमत कळल्यामुळे.

त्या भाड्याची परतफेड पुढच्या जानेवारीत झाली. डोंबिवलीकर आमच्याकडे आले. त्यांच्या गाडीने, टोल भरत, फूड मॉलवर थांबत. शहरातला माणूस स्वस्तात हिंडायला खेड्यात येतो आणि येता येताच निम्मे पैसे संपवतो, हे मी नेहमीच बघत आले आहे. भिगवणला पहाटे जायचं, तर भाच्याच्या गळ्यात एक नवा कॅमेरा, त्याला कोपरापर्यंत लांब लेन्स. तिच्या किमतीत दादाचा किती कांदा गेला असता ते त्याला सांगितलं नाही. सणाचे दिवस होते.

भिगवणचे होडीवाले बहुतेक भोई समाजाचे, मासेमारी करणारे. आता हिवाळ्यात होडीतून पक्षी दाखवतात, आणि दाखवतात ते अशा तपशिलाने की प्राध्यापकाने वही काढावी. वल्हं मारता मारता आमच्या होडीवाल्याने "बार हेडेड गूज", "ग्लॉसी आयबिस", "तो बघा खांबावर, ऑस्प्रे" असं सुरू केलं. मिस्टर पुस्तक उघडून पान शोधत होते तोवर तो पुढच्या पक्ष्यावर गेलेला असे. ते पट्टकादंब हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालयावरून उडत येतात. आबांना हे पटेना. एवढ्या लांबून, एवढ्या उंचावरून, आणि सगळं स्वतःच्या पंखांवर? मग म्हणाले, "बरोबर हाय. पेंग्विनाला कुणीतरी तिकीट काढून दिलं. ह्यांना कोण देणार?" होडीतली एक बाई, आमच्यातली नव्हे, पुण्याकडची, होडीवाल्याला म्हणाली, "जरा जवळ घ्या ना, उडवा ना, उडताना फोटो छान येतो." तो वल्हं न थांबवता म्हणाला, "ताई, ते जेवतायत." ती गप्प बसली. त्या सकाळी सगळ्यात मोलाचं मी ते वाक्य ऐकलं. नंतर भिगवणचे मासे खाल्ले, रस्सा-भाकरी. तिथे मात्र मिस्टरांनी पाकीट काढलं आणि आम्ही त्यांना अडवलं नाही.

शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीलाही त्यांना नेलं. चिंचा आहेत, मोर आहेत. मोर पहाटे आणि दिवस कलताना शेतात उतरतात. पर्यटक अकरा वाजता उतरतात. मधल्या वेळात हुरडा खायचा, बैलगाडीत बसायचं, झोक्यावर फोटो काढायचे आणि पिठलं-भाकरीचं पॅकेज घ्यायचं. आई सोबत होती. लोक रांगेत उभं राहून पिठल्याला पैसे देतायत हे बघून तिने मला बाजूला घेतलं. "आपल्या घरी आणू का हेंना?" ती पुढची कितीतरी मिनिटं धंद्याचा विचार करत होती. पाटा आहे, चूल आहे, बैल विकला पण परत घेता येईल.

आणि मग भाच्याने ते विचारलं, जे शहरातून येणारं प्रत्येक पोर हल्ली विचारतं. "मामी, बिबट्या कुठे दिसेल?"

मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयातला एक बिबट्या पिंजऱ्यातून बाहेर पडला होता. हम्पीकडून आणलेला. तो बागेच्या आवारातच होता, पण सापडेपर्यंत दीड दिवस सगळ्या पुण्याच्या जिवाला घोर. बातम्या, ड्रोन, बंदोबस्त. त्या दोन दिवसांत शिरूरच्या लोकांनी एकमेकांना जे निरोप पाठवले ते इथे छापता येणार नाहीत. सगळ्यांचा मथितार्थ एकच, की एक पिंजऱ्याबाहेर आला तर एवढं, आणि आमच्याकडे पिंजऱ्यात एकही नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये लोहगावच्या विमानतळावर एक बिबट्या दिसला. विमानतळात शिरायला आम्हाला ओळखपत्र, तिकीट, रांग आणि बूट काढून तपासणी लागते.

पण भाच्याला मी हसून उत्तर दिलं नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड हा उसाचा पट्टा. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, ऊस वर्षभर उभा, आत सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याच्या कित्येक पिढ्या या उसातच जन्मल्या, त्यांना डोंगरातलं जंगल माहीत नाही. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात, वन विभागाचे लोक ती क्रेटमध्ये ठेवून आईची वाट बघतात आणि आई रात्री येऊन घेऊन जाते. इथवर ठीक. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूतकडे वीसेक दिवसांत तीन माणसं गेली, त्यातली दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर आले, महामार्ग अडला, शेवटी तो नरभक्षक गोळी घालून मारला. शेतात जाताना बायका-माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली. ज्या गावात शेळी बांधायला जातानाही गळ्याला पट्टा लागतो, त्या गावाला भाच्याने सफारी विचारावी, हे मला गिळता येईना. मी त्याला म्हटलं, "न दिसला तर आपलं नशीब."

तो हिरमुसला. मग दादाने त्याला आजोबाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना दादा पहिल्यांदाच कांद्याशिवाय बोलला.

शिरूरच्या शेजारी, घोड-कुकडीपलीकडे, पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर आहे. तिथे २००९ मध्ये एक वयस्कर बिबट्या विहिरीत पडला. बाहेर काढला, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याच्या गळ्यात जीपीएसची पट्टी बांधली, नाव ठेवलं आजोबा, आणि माळशेज घाटात सोडला. सगळ्यांना वाटलं तिथेच राहील. आजोबा चालू लागला. माळशेज उतरला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याच्या स्टेशनाजवळून गेला, वसईची खाडी पार केली आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात जाऊन पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तीन-साडेतीन आठवड्यांत. वाटेत माणसाला धक्का नाही. रात्री चालायचं, दिवसा पडून राहायचं, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. जनरलचंही तिकीट नाही. आणि उतरला कुठे, तर बोरिवलीला, जिथे दहा बाय दहाच्या खोलीच्या भाड्यात दादाचा एक एकर कांदा जातो. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला, सुजय डहाकेंनी केलेला. तोपर्यंत तो नव्हता. २०११ च्या डिसेंबरात महामार्ग ओलांडताना गाडीच्या धडकेने गेला.

आबांनी ही गोष्ट सगळी ऐकली. "पंच्याहत्तरीच्या आत फिरला म्हणून पायी जावं लागलं बिचाऱ्याला," असं म्हणाले, आणि उठून गेले.

तर आमच्याकडे येणाऱ्यांसाठी थोडं. भिगवणला यायचं तर डिसेंबर ते मार्च. गाडी पेटवण्यापेक्षा रेल्वेने दौंडला उतरा, पहाटे होडी घ्या, भाव आधी ठरवा, ठरला की कमी करत बसू नका, आणि पक्षी उडवायला सांगू नका. चिंचोलीला मुक्काम केलात तरच मोर दिसतील. निघोजचे रांजणखळगे, कुकडीच्या पात्रातले, शिरूरहून जवळ आहेत आणि त्यांना तिकीट नाही, पण कडेला पाय घसरतो. उसाच्या पट्ट्यात दिवस मावळल्यावर दुचाकी थांबवून फोटो काढू नका, पोराला एकटं पुढे पळू देऊ नका, बिबट्या दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. कुणाच्या घरी उतरणार असाल तर चाकणचा त्या दिवसाचा भाव बघून या. चढता असेल तर रिकाम्या हाताने आलात तरी चालेल, परत जाताना पोतं आम्हीच देऊ.